वजन उतरलं, त्यानंतरचं

मध्यंतरी ऑफिसात एक बाई आल्या. काम काहीच नव्हतं. माझ्या टेबलापाशी थोडा वेळ घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, ते पोट लहान कराचं आपरेशन तुमीच केलं ना? माह्या पोरीले डाक्टरनं सांगतलं. लय दुखते का?"

मी म्हणालो, "नाई मावशी, दुखत नाई तेवढं."

ते खरंच होतं. जखमा लवकर भरल्या, टाक्यांचे डाग आता शोधावे लागतात. बाई समाधानाने गेल्या. पण दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. त्यांनी जेवढं विचारलं तेवढंच मी सांगितलं होतं. खरं दुखतं ते वेगळंच, आणि तेही विचारायचं असतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? म्हणून त्यांच्या मुलीसाठी, आणि या वाटेने जाणाऱ्या कोणासाठीही, हे लिहितो आहे.

आधीच सांगतो, ऑपरेशनला मी दोष देत नाही. त्याने माझा जीव वाचवला. शुगर ताब्यात आली, गुडघे चालते झाले. ज्याला डॉक्टरांनी सांगितलं असेल त्याने हे वाचून माघार घेऊ नये. फक्त पोटाची तयारी करतो तशी मनाचीही करावी. मी केली नव्हती.

माइकवरचा माणूस

माझं नाव विलास. मानोऱ्यात एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. पण तालुक्यात लोक मला ओळखत होते ते माइकमुळे. लग्न असो, जयंती असो, कोणा गुरुजींचा निरोपसमारंभ असो, निवेदनाला विलासभाऊ.

मी लहानपणापासून जाड. शाळेत पोरं 'ढोल्या' म्हणायची. तेव्हाच मला एक युक्ती सापडली. दुसऱ्याने हसायच्या आधी आपणच आपल्याला हसायचं. मग हसणारे आपल्या बाजूचे होतात. पुढे तेच माझं भांडवल झालं. स्टेजवर चढताना मी खालूनच ओरडायचो, "मंडपवाले भाऊ, दोन बल्ल्या आणखी लावा बाप्पा टेकूले, मी वर येऊन राह्यलो!" अख्खा मंडप हसायचा. त्यानंतर मी काहीही बोललो तरी लोक ऐकायचे.

पंगतीत तर माझा मान वेगळाच. "विलासभाऊ बसले, बुंदीचं टोपलं इकडं येऊ द्या," असं वाढपी ओरडायचे. लोक आपलं जेवण सोडून माझं जेवण बघायचे. मला भूक आहे का हे कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला कधी विचारलं नाही. साहेब बोलले की मी खायचो. वडील गेले तेव्हा लोक रडत होते आणि मी मागच्या खोलीत बसून खात होतो. आनंद झाला तरी तेच. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर एकच इलाज होता आणि तो कायम हाताशी होता.

तुरीच्या वावरात

एकदा मी आणि माझी बायको रेखा मोटरसायकलने मंगरूळहून परत येत होतो. भर दुपार, रस्ता मोकळा. पुढचं मला एवढंच आठवतं की मी तुरीच्या वावरात पडलो होतो, गाडीचं मागचं चाक फिरत होतं आणि रेखा आपला डावा हात उजव्या हाताने धरून बसली होती.

"तुमी झोपले होते," ती म्हणाली.

तिचं कोपर मोडलं होतं. वाशीमच्या डॉक्टरांनी तिचा हात बघितला आणि मग माझ्याकडे बघत राहिले. रात्री घोरता का, दिवसा पेंग येते का, सकाळी डोकं जड असतं का, असं विचारत गेले. मग तपासण्या झाल्या. झोपेत माझा श्वास पुन्हा पुन्हा अडकत होता, म्हणून झोप पुरी होत नव्हती, म्हणून मी गाडीवर झोपलो होतो. शुगर आणि बीपी होतंच. "वजन कमी झालं नाही तर हे असंच वाढत जाईल," ते म्हणाले. "पथ्याने तुमचं होणार नाही. नागपूरला ऑपरेशनचा विचार करा."

बाहेर बाकावर बसल्यावर मी कंपाउंडरला म्हणालो, "भाऊ, हा बाक सरकारी हाये का खासगी? मोडला तं कोन भरून देईन?" कंपाउंडर हसला. रेखा हसली नाही. गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "तुमचं हसणं होऊ द्या. मले एकटीनं पोरगी वाढवाची नाई. नागपूरले चला."

नागपूर

ऑपरेशनच्या आधी तिथे समुपदेशन करणाऱ्या एका मॅडमकडे पाठवतात. त्यांनी मनापासून प्रश्न विचारले. मन कसं असतं? मी म्हणालो, "म्याडम, मन लय हलकं हाये, बाकीचंच जड हाये." त्या हसल्या. राग आला की काय करता? "जेवतो." त्या पुन्हा हसल्या, मीही हसलो. माझा हातखंडा होता तो. समोरच्या माणसाला हसवून मूळ प्रश्नापासून लांब न्यायचं. मॅडमचा काही दोष नाही. मी त्यांना आत येऊच दिलं नाही. खुशमिजाज पेशंट म्हणून मी पुढे गेलो.

ऑपरेशनच्या खोलीत खूप थंडी होती आणि पहिल्यांदा मला काही विनोद सुचला नाही. जाग आली तेव्हा घसा वाळवंट झाला होता. पाणी मिळालं ते औषधाच्या टोपणाएवढ्या कपातून. "एक घोट. आता थांबायचं," असं सिस्टर म्हणायच्या. मग सलाइनचा स्टँड ढकलत व्हरांड्यात चालायचं, परत येऊन प्लास्टिकच्या डबीतले रंगीत चेंडू श्वासाने वर उचलायचे, पुन्हा घोट, पुन्हा चालणं. एकदा घोट छातीतच अडकला आणि मला वाटलं, आत काहीतरी फाटलं. मी पलंगाची दांडी धरून बसलो. सिस्टर आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि त्यांच्या घरच्या शेळीच्या खोड्या सांगत राहिल्या. शेळीने त्यांची साडी कशी खाल्ली हे सांगून होईपर्यंत घोट खाली उतरला होता. मी त्यांचं नाव विचारायचं विसरलो याची अजून रुखरुख आहे.

घरचं ताट

पहिले काही महिने मी हवेतच होतो. वजन भराभर उतरत होतं. पँट कमरेतून घसरायची तरी आनंद व्हायचा. शेजारपाजारचे येऊन बघून जायचे.

पण पोटाने खाणं आणि डोक्याने खाणं वेगळं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दोन चमचे पातळ वरण गेलं की पोट हात जोडायचं. डोकं मात्र ताटापाशीच बसून राहायचं. ऑफिसात साहेब बोलले की मी सवयीने ड्रॉवर उघडायचो. तिथे फरसाणाऐवजी गोळ्यांची डबी असायची. मग काय करायचं? हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. राग आला तर तो तसाच बसून राहायचा, वाईट वाटलं तर ते तसंच. खाऊन गिळून टाकायची सोय राहिली नव्हती.

एका रविवारी दुपारी झोपेतून उठलो तर घरात रोडग्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा वास. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आतून भांड्याचा आवाज येत नव्हता, म्हणजे येऊ नये असा प्रयत्न चालला होता. मी दार ढकललं. रेखा आणि आमची मुलगी स्नेहल, तेव्हा ती दहावीला होती, जमिनीवर बसून जेवत होत्या. मला बघताच स्नेहलने ताट पाठीमागे सरकवलं.

"पप्पा, आमी नुसतं चाखून पाह्यत होतो," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "मी काय भिकारी हाये का, माह्यापासून ताट लपवता?" एवढ्या मोठ्याने मी या घरात कधी ओरडलो नव्हतो. स्नेहल उठून दुसऱ्या खोलीत गेली. रेखाने दोघींची ताटं उचलली.

त्यानंतर माझ्यासमोर घरात कोणी जेवलं नाही. रेखा मी ऑफिसला गेल्यावर कधीतरी उभ्याउभ्या खायची. महिन्याभरात तिचेही गाल बसले. मला ते दिसत होतं आणि मी बोलत नव्हतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. वजन गेलं पण कातडी राहिली. पोटावर, दंडावर ती रिकाम्या पोत्यासारखी लोंबायची. केसांचे पुंजके हातात यायचे. आंघोळ करताना मी खाली बघायचो नाही. एकदा मानोऱ्याच्या स्टँडवर एका दुकानाच्या काचेत एक म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी त्याला वाट द्यायला बाजूला सरकलो, तर तोही सरकला.

"बिमार दिसते"

आपल्याकडे माणूस जाड झाला तर खात्यापित्या घरचा, आणि बारीक झाला तर रोगी. मी ऑपरेशनचं लपवलं नव्हतं, तरी लोकांचा विश्वास बसेना. "शुगरनं खाल्लं," "क्यान्सर हाये, सांगत नाई," असं माझ्या कानावर यायचं. एकाने तर त्याहून वाईट रोगाचं नाव घेतलं. ऑफिसातले काही जण माझ्या ग्लासातून पाणी पिईनासे झाले.

तरी मला माइकचा आधार होता. पहिलं मोठं लग्न आलं तेव्हा मी नवा शर्ट शिवला, स्टेजपाशी गेलो आणि नेहमीसारखा ओरडलो, "मंडपवाले भाऊ, दोन बल्ल्या आणखी लावा..."

कोणी हसलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या रांगेतले एक आजोबा, त्यांचं मन साफ होतं, मोठ्याने म्हणाले, "अरे, त्या मानसाले खुर्ची द्या रे. बिमार दिसते."

खरंच कोणीतरी खुर्ची आणली. ते अख्खं लग्न मी बसून निवेदन केलं. त्या तीन-चार तासांत मला कळलं की विनोद माझे नव्हतेच, माझ्या शरीराचे होते. ते शरीर गेलं आणि माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. उरला तो राग. आजोबांवर नाही, आणखी कोणावर नाही. कोणावर आहे हेच न कळणारा राग.

टेम्पोच्या मागे

दिगांबर माझा शाळेपासूनचा दोस्त. शेती करतो आणि लग्नसराईत स्वतःचा साउंड चालवतो. त्या लग्नात पंगत बसली तेव्हा मी त्याच्या टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांमध्ये जाऊन बसलो होतो. तो शोधत आला.

"काहून इथं बसला बे?"

"जेवता येत नाई. पाह्यत बसण्यापेक्षा इथं बरं."

त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. माझं पंगतीतलं स्थान त्याने वर्षानुवर्षं बघितलं होतं. त्याने प्लास्टिकच्या कपात थोडी ओतली. "दोन घोट घे. जेवन तं गेलं तुह्यं, एवढं तरी घे. काय होते?"

इथे एक सांगायला हवं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. मी स्वतः पंचेचाळीस वर्षांत चाखली नव्हती. डिस्चार्जच्या कागदावर दारू वर्ज्य असं लिहिलेलं होतं. ते मी, आपल्याला काय करायचं, म्हणून वाचलंसुद्धा नव्हतं.

मी दोन घोट घेतले. एरवी माणसाला चढायला वेळ लागतो म्हणतात. ऑपरेशन झालेल्या पोटात ती थांबत नाही, सरळ रक्तात जाते. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मला त्या वेळी एवढंच कळलं की क्षणात सगळं गप्प झालं. आजोबांचा आवाज, साहेबांचा आवाज, काचेतला म्हातारा, सगळं. पूर्वी पंगतीच्या शेवटी अशी शांतता मिळायची. किती महिन्यांनी ती परत भेटली होती.

पुढचं लांबवत नाही. दिगांबरच्या कपाची गरज लवकरच संपली. गाडीच्या डिकीत बाटली आणि खिशात वेलदोडे राहू लागले. एकदा ऑफिसच्या पायऱ्यांवर पडलो, तर लोक म्हणाले, अशक्तपणा आहे, घरी जा भाऊ. माझा बारीकपणा आता मला झाकत होता.

विहारात

पौर्णिमेला आमच्या विहारात सगळे जमतात. त्रिशरण-पंचशील मी म्हणायचं आणि माझ्यामागे सगळ्यांनी, ही जुनी पद्धत. आवाज चांगला म्हणून ते माझ्याकडे आलं होतं.

त्या पौर्णिमेला मी पहिली चार शीलं म्हणालो. पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. ते ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. मी विसरलो नव्हतो. लहान मूल झोपेत म्हणेल इतकं ते पाठ असतं. पण आवाज निघेना. माझ्यामागे सगळं विहार थांबून राहिलं, कारण मी म्हटल्याशिवाय त्यांना म्हणता येत नव्हतं.

शेवटी बायकांच्या बाजूच्या एका आजीने स्वतःच ते म्हटलं आणि सगळ्यांनी तिच्यामागे म्हटलं. मग मी पुढचं सुरू केलं. लोकांना वाटलं, घसा बसला. रेखा मात्र हात जोडलेले तसेच ठेवून माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. "कवापासून?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. "मले दुसरंच वाटलं होतं. बारीक झाले, नवे शर्ट शिवले, घरी उशिरा येता, बोलत नाई. म्हटलं, कोनी भेटली असंन."

मला हसू आलं. ते यायला नको होतं.

"हासू नका," ती म्हणाली. "भेटली असती तं तिच्याशी भांडता आलं असतं. ह्याच्याशी कसं भांडू?" आणि मग रडत म्हणाली, "जाड होते तवा घरात दिसत होते तुमी. आता एवढेसे झाले, आन् घरात हायेतच नाई."

मी शपथ घेतली. चार दिवस टिकली. पुढे पुन्हा घेतली. रेखाने हे कोणाला सांगितलं नाही, आपल्या भावालाही नाही. आम्ही दोघं एका घरात दोन वेगळ्या भिंतींकडे तोंड करून राहत होतो.

जऊळका

जऊळका रेखाचं माहेर. तिच्या कोपरात बसवलेली सळई काढायला अकोल्याला जायचं होतं, म्हणून आम्ही आदल्या दिवशी तिच्या भावाकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी गाडीसाठी स्टेशनवर आलो. दुपारची वेळ. फलाटावर आमच्याशिवाय चार माणसं असतील. न थांबणारी मालगाडी येत होती.

तेव्हा माझ्या मनात तो विचार आला. तो इतका शांतपणे आला की मीच घाबरलो. रडू नाही, राग नाही. आता हे सगळं संपवता येईल, एवढंच. मी शेडचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि डबे संपेपर्यंत धरून राहिलो.

"काय झालं? चक्कर आली का?" रेखाने विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. ऑपरेशन झाल्यापासून चक्कर येणं कोणालाही पटायचं. का कोण जाणे, मी म्हणालो, "रेखा, मले मराव वाटून राह्यलं."

ती ओरडली नाही. तिने माझं मनगट धरलं, मला भिंतीकडच्या बाकावर नेऊन बसवलं आणि स्वतः रुळाच्या बाजूने बसली.

"आताच वाटलं का पयलेपासून वाटते?"

"लय दिसापासून."

"कोनाजवळ बोलले?"

"कोनाजवळच नाई."

तिने हाताच्या एक्स-रेची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "माह्या हाताचं राहू द्या. पयले तुमच्यासाठी डाक्टर पाहू. मनाचा."

"लोक पागल म्हनतीन."

"म्हनू द्या. क्यान्सर म्हनूनच राह्यले ना?"

अकोला येईपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. ज्या हाताने धरलं होतं तो तिचा मोडलेला हात होता. गाडीतली एक बाई आमच्याकडे बघून हसली, नवं लग्न झाल्यासारखे बसलेत म्हणून असेल.

मनाच्या डॉक्टर

अकोल्यात रेखाने विचारपूस करून गाठलेल्या डॉक्टर बाईंसमोर बसल्याबसल्या मी सवयीने सुरू केलं, "म्याडम, पयले मी दारातून आडवा येत होतो, आता उभा..."

त्या हसल्या नाहीत. "छान बोलता," म्हणाल्या. "हे कधीपासून करता?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी रडूच आलं. वडील गेले तेव्हाचंही त्यात होतं, शाळेतलंही होतं. त्यांनी थांबवलं नाही.

नंतर त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. खाणं हे माझं औषध होतं. ऑपरेशनने ते औषध काढून घेतलं, दुखणं जागेवरच राहिलं. मग मनाने दुसरं औषध शोधलं. यात माझ्या संस्कारांचा किंवा इच्छाशक्तीचा प्रश्न नव्हता. अशी माणसं त्यांच्याकडे येतात आणि बरीही होतात. त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, कारण जीवनसत्त्वं कमी पडली तरी मन बसतं. माझी पडलीच होती, गोळ्या मी केव्हाच सोडल्या होत्या. मनासाठी औषध सुरू झालं आणि दर आठवड्याला जाऊन बोलणं. माझ्या जिवाला धोका होईल असं घरातलं काय लपवायचं आणि काय दूर ठेवायचं हे त्यांनी रेखाला वेगळं बसवून सांगितलं. तिला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं की तुमचं काय चाललंय.

सरळ रेषेत बरं झालो असं नाही. मध्ये एका लग्नाला गेलो आणि पुन्हा प्यायलो. वाटलं, आता संपलं, आता रेखा माहेरी जाणार. तिने सकाळी फक्त एवढंच म्हटलं, "अंघोळ करा. अकोल्याची बस हाये." डॉक्टरांनीही भाषण दिलं नाही. कुठे घसरलात, त्याआधी काय झालं होतं, एवढंच विचारलं. आणि मी उत्तर दिलं.

रेखाने दिगांबरला सगळं सांगितलं, ते मला आवडलं नव्हतं. तो घरी आला आणि खुर्ची असताना जमिनीवर बसला. "मले कोनी सांगतलं असतं तं तो कप मी फेकून देल्ला असता," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"तुले काय मालूम, दिगू. मलेच मालूम नव्हतं."

"मंग आता काय करू, ते सांग."

"लग्नात जेवनाच्या टायमाले माह्यासोबत बाहेर फिरत जाय," मी म्हणालो. तो अजून येतो. पंगत बसली की आम्ही दोघं गावाच्या वेशीपर्यंत चालतो. तो सोयाबीनबद्दल बोलतो, मी ऐकतो.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. तिथे मनाबद्दल विचारतील तेव्हा खरं सांगा, हसवू नका. घरातल्यांना सोबत न्या आणि त्यांनाही प्रश्न विचारू द्या. दारूपासून शंभर हात लांब राहा, आधी कधी प्यायला नसाल तरी. आणि जऊळक्याच्या फलाटावर माझ्या मनात जो विचार आला तो तुमच्या मनात आला, तर जो माणूस सर्वांत जवळ उभा असेल त्याला त्याच क्षणी सांगा. शब्द नीट जुळवत बसू नका.

मी आता पूर्ण बरा आहे असं म्हणवत नाही. औषध चालू आहे. कातडी तशीच लोंबते. काही दिवस सकाळपासूनच वाईट उजाडतात, तेव्हा मी रेखाला सांगून ऑफिसला जातो. निवेदन मी सध्या घेत नाही. ज्याला हसवायचं नाही असा माणूस लोकांशी काय बोलतो, ते अजून शिकतो आहे.

पोहरादेवीच्या रस्त्यावर

मागच्या यात्रेच्या दिवसांत आम्ही तिघं दिग्रसहून जीपने येत होतो. पोहरादेवीपाशी गर्दीने रस्ता बंद झाला. गाड्या हलेनात, म्हणून ड्रायव्हर म्हणाला, उतरून पाय मोकळे करा. उन्हात उभं राहण्यापेक्षा आम्ही एका टिनाच्या हॉटेलात बाकावर बसलो. समोर कढईत भजे तळले जात होते.

स्नेहल आता बारावीला आहे. तिने कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली. रेखा लगेच म्हणाली, "नको. घरी जाऊन खाऊ."

मी पोऱ्याला नाही, मालकालाच हाक मारली. "भाऊ, दोन प्लेट भजे द्या. मिरच्या जास्त टाका."

प्लेटा आल्या. वाफेसोबत तो वास आला आणि माझं डोकं उठून बसलं, जसं अजूनही बसतं. स्नेहलने एक भजं उचललं, फुंकर मारली आणि खाल्लं. रेखा प्लेट हातात घेऊन तशीच बसली होती. थोड्या वेळाने तिने तोंड भिंतीकडे वळवायला सुरुवात केली.

"इकडं तोंड करून खाय," मी म्हणालो.

"तुमाले तरास होईन."

"हो. होऊनच राह्यला."

ती थांबली. माझ्याकडून असं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नसावं. "मंग उठू का?"

"नाई. बस. भूक लागली ना तुले? खाय."

ती माझ्याकडे तोंड करून बसली. पहिलं भजं तिने घाईने खाल्लं, चोरून खाल्ल्यासारखं. दुसरं हळू. तिसऱ्याला मिरची चावली गेली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हुस्स करत हसली. बाहेर रस्ता मोकळा झाला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. रेखा उठायला लागली. प्लेटमध्ये अजून दोन भजे होते.

"थांबन तो," मी म्हणालो. "संपव."

आणि तिने संपवले.